आडनावाचं डिपॉझिट

दोन हजार नऊशे नव्व्याण्णव रुपये. एवढे मोजून मी पंचवीस घरमालकांचे फोन नंबर विकत घेतले. घर नव्हे. खोली नव्हे. नळाखाली बादली ठेवण्यापुरती जागासुद्धा नव्हे. नुसते नंबर.

कंपनीचं नाव लिहीत नाही. घाबरून नव्हे. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या साळसूद ठरतात, म्हणून. या मुंबईत हा धंदा करणाऱ्या सगळ्या दुकानांची तऱ्हा सारखीच. मोबाईलवर आधी घरांचे फोटो फुकट दाखवायचे. गॅलरी, खिडकीतला उजेड, पांढऱ्या फरश्या. तोंडाला पाणी सुटलं की मालकाचा नंबर कुलपात. कुलूप काढायचं तर प्लॅन घ्या. लहान प्लॅन, मोठा प्लॅन, त्याहून मोठ्या प्लॅनमध्ये तुमच्या दिमतीला एक माणूस. तो माणूस पैसे भरेपर्यंत दिवसातून चार फोन करतो. पैसे भरल्यावर आपण त्याला चार फोन करतो, आणि तो 'मीटिंग'मध्ये असतो.

आता पंचवीस नंबरांचा हिशेब मांडतो. आमच्या माणसाने हिशेब मांडायला शिकलंच पाहिजे. सावकाराच्या वहीवर अंगठे उठवून आपल्या बापजाद्यांच्या पिढ्या गेल्या.

नऊ जण म्हणाले, घर कधीच गेलं. त्यातला एक म्हणाला, "अहो, गेलं त्याला चार महिने झाले, ती जाहिरात काढा म्हणून मीच त्यांच्या मागे लागलोय." सहा जण मालक नव्हतेच, दलाल होते. मालकाचं सोंग घेऊन बसलेले. "ते घर सोडा, दुसरं दाखवतो, एक महिन्याचं भाडं माझं." तीन नंबर लागलेच नाहीत. अठरा झाले. उरले सात. हे सात खरेखुरे, जिवंत घरमालक.

सातांपैकी तिघांचा पहिलाच प्रश्न: "व्हेज का नॉनव्हेज?" भाडं किती देणार, नोकरी कुठे, काही नाही. आधी पोट तपासलं. एकाला फॅमिली पाहिजे होती, आम्ही दोघे सडेफटिंग. दोघांशी बोलणं छान चाललं होतं. "शुभनाम?" मी सांगितलं. "पूर्ण नाव?" तेही सांगितलं. पलीकडे एक क्षण शांतता. दोस्तहो, ती शांतता तुम्हांला माहीत आहे. ती मोजायला घड्याळ लागत नाही. मग, "मी घरी विचारून कळवतो." अजून कळवतायत.

राहिला सातवा. गोरेगावात. त्याने घर दाखवलं, भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं. म्हणाला, फक्त एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा. जिन्याखालच्या ऑफिसात सेक्रेटरी बसलेले. आधारकार्ड हातात घेतलं. माझं आडनाव कांबळे. ते त्यांनी वाचलं आणि कार्ड टेबलावर ठेवून दिलं, विषय संपला. मग माझ्या जोडीदाराकडे वळले. त्याचं आडनाव जाधव. इथे बिचाऱ्यांची पंचाईत झाली. "जाधव म्हणजे कुठले? गाव कुठलं? देशमुखांपैकी का?" आणि मग हळूच, चष्म्यावरून बघत, "घरात फोटो वगैरे कुणाचा लावता?"

जोडीदार म्हणाला, "बाबासाहेबांचा."

"नाही नाही, आमची काहीच हरकत नाही. कमिटीला विचारून कळवतो."

खाली उतरल्यावर मालक म्हणाला, "मला व्यक्तिशः काही नाही हो. सोसायटी आडवी येते." या देशात व्यक्तिशः कुणालाच काही नसतं. अस्पृश्यता कुणीच पाळत नाही. ती आपली आपणच पाळली जाते.

घरी आईला फोन केला. ती म्हणाली, "आधीच आडनाव कशाला सांगतुयास? घर बघून घ्यायचं, पैसं द्यायचं, मग सांगायचं." आईचा राग येत नाही. पण आई, आता पैसे आधीच घेतात. आणि आडनाव त्याच्याही आधी.

इथे जरा थांबून धंद्याचं गणित समजून घेऊ. कोपऱ्यावरचा जुना दलाल, टपरीत बसणारा. हरामखोर होता, खोटं बोलायचा, एक महिन्याचं भाडं खायचा. पण त्याचं पोट माझ्या घराला बांधलेलं होतं. मला चावी मिळाली तर त्याला पैसे. म्हणून तो मालकाशी हुज्जत घालायचा, "पोरगा चांगला आहे साहेब, बँकेत आहे." या नव्या दुकानाने पैसे आधीच घेतले. मला घर मिळालं काय, नाही मिळालं काय, त्याचा गल्ला भरलेला. उलट जाहिराती जितक्या जास्त तितकं दुकान मोठं दिसणार. मग गेलेली घरं पाटीवरून कशाला काढतील? मेलेली जाहिरात हाच त्यांचा माल. मुदत संपली, घर मिळालं नाही, तर पुन्हा प्लॅन घ्या. पैसे परत मागितले की बारीक अक्षरातली अट दाखवतात: आम्ही फक्त नंबर द्यायचं कबूल केलं होतं.

हे फसवणं सगळ्यांचंच होतं. नाशिकहून आलेल्या जोश्याचंही होतं, हे मी मान्य करतो. मग मी जात कशाला मध्ये आणतो, असं विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझं उत्तर साधं आहे. जोश्याचे अठरा नंबर वाया गेले, माझेही गेले. पण उरलेले सात नंबर त्याच्यासाठी सात दरवाजे आहेत. माझ्यासाठी सात भिंती. एकाच दुकानात, एकाच भावाने, त्याला दरवाजे विकले आणि मला भिंती विकल्या.

आणि दुकानाला हे माहीत नाही असं समजू नका. घर शोधताना ते आपल्याला बटणं देतात. किती खोल्या, किती भाडं, गाडी ठेवायला जागा. त्याच रांगेत एक हिरवं बटण: फक्त शाकाहारी. मालकाने जाहिरात टाकताना दाबायचं. मालक शाकाहारी असो वा नसो. कोकणातला मासे खाणारा मालक मी पाहिलाय, जाहिरातीत 'प्युअर व्हेज फॅमिली ओन्ली'! हा प्रश्न जेवणाचा असता तर तो स्वैपाकघरात संपला असता. तो जिन्याखाली आडनावापर्यंत जातो, फोटोपर्यंत जातो. जात उघड म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून जातीला पोटात लपवलं. मनुस्मृती 1927 साली महाडला जाळली. तिचं एक पान उडून मोबाईलमध्ये शिरलं आणि तिथे त्याचं बटण झालं.

हे माझ्या एकट्याच्या मनाचे खेळ नाहीत. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांची तपासणी केली. तोच प्रश्न, तशाच नोकरीचा माणूस, फक्त नाव वेगळं. सवर्ण नावाला नकार जवळपास नाहीच. दलित नावाला नकार किंवा जाचक अटी. मुसलमान नावाला त्याहून जास्त. 2015 साली हे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त छापून आलं. व्यवस्थेने वाचलं, घडी घातली आणि ठेवून दिलं.

1917 साली परदेशातून शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा नाही. शेवटी पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन पारशांची टोळी दारात उभी. संध्याकाळपर्यंत खाली कर. एका हिंदू मित्राने हात वर केले, एका ख्रिस्ती मित्राने हात वर केले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस कामाठी बागेत बसून राहिला. तेव्हा काठी घेऊन यावं लागायचं. आता यायचीही गरज नाही. 'कळवतो' म्हटलं की झालं. काठीचं काम चार अक्षरांनी भागतं.

आमच्या आधीच्या पिढीकडे निदान चाळ होती. परळची बी.आय.टी. चाळ, वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळी. एकशे साठ चौरस फुटांची खोली आणि तीत दहा माणसं. 1972 साली पँथर त्याच वस्त्यांतून उठली. 1974 च्या जानेवारीत वरळी पेटली ती तिथेच. ती खोली लहान होती, पण तिच्या दारात 'आडनाव काय?' विचारणारा नव्हता. आज आम्ही शिकलो, ऑफिसात लागलो, चाळीबाहेर घर शोधायला निघालो. आणि चाळीच्या बाहेर पाऊल टाकलं की कळतं, गावकूस अजून तिथेच आहे. फक्त त्याला आता गेट म्हणतात आणि तिथे वहीत नाव लिहावं लागतं.

आता कायद्याचं बघू. कारण लगेच कुणीतरी म्हणणार, घर ज्याचं त्याचं, तो कुणालाही देईल. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने सोसायटीला सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायला मुभा दिली. तेव्हापासून प्रत्येक सेक्रेटरी स्वतःला न्यायमूर्ती समजतो. ठीक आहे. घर खासगी म्हणू क्षणभर. पण दुकान? दुकान खासगी नाही!

संविधानाचं पंधरावं कलम, दुसरा भाग. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही अडवता येणार नाही. हे बंधन नुसतं सरकारवर नाही, माणसामाणसावर आहे. 1948 च्या नोव्हेंबरात घटनासमितीत यावर प्रश्न आला तेव्हा बाबासाहेबांनी सांगितलं, की दुकान म्हणजे केवळ आत पाऊल टाकण्याची जागा नव्हे. मोबदला घेऊन सेवा देणारा त्यात येतो. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने एका खासगी मेडिकल कॉलेजच्या खटल्यात या शब्दाचा असाच रुंद अर्थ लावला. मग पैसे घेऊन नंबर विकणारं हे काय आहे? देऊळ आहे का? दुकानच आहे ना! आणि या दुकानाच्या काउंटरवर माणसं चाळायची चाळण ठेवलेली आहे.

पुढे चला. 1955 चा नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याच्या चौथ्या कलमात चक्क लिहिलंय, की अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहायची जागा घ्यायला किंवा तिथे राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. कैद एक ते सहा महिने. दंड शंभर ते पाचशे रुपये. हसू नका. दंड माझ्या प्लॅनपेक्षा स्वस्त आहे, हे मलाही दिसतं. पण त्याच कायद्याचं बारावं कलम वाचा. फिर्यादी अनुसूचित जातीचा असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं कोर्टाने गृहीत धरायचं. तसं नाही हे समोरच्याने सिद्ध करायचं. एवढं हत्यार आपल्या हातात आहे आणि आपण ते गंजू दिलं. रेरा कायद्याच्या भरवशावर बसू नका. त्यातली दलालांची नोंदणी प्रकल्पातल्या घरांच्या खरेदी-विक्रीची. भाड्याचा बाजार त्याच्या कुंपणाबाहेर मोकाट.

2023 साली मुलुंडमध्ये एका मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारली. व्हिडिओ फिरला. पुढारी धावले, मराठी अस्मितेला गहिवर आला. नाकारलं ते वाईटच झालं, त्या बाईच्या बाजूने आम्हीही उभे. पण आम्ही काय कानडी बोलतो? आम्हांला नाकारतो तो सेक्रेटरी कित्येकदा शुद्ध मराठीत नाकारतो. तेव्हा ही अस्मिता कुठल्या फ्लॅटमध्ये दार लावून बसलेली असते?

आणि आता थोडं आपल्या घरात. आपल्यातलेच काही साहेब झाले. कर्ज काढून फ्लॅट घेतला, दारावरच्या पाटीवरून आडनाव काढलं, बाबासाहेबांचा फोटो हॉलमधून आतल्या खोलीत नेला. दुसरा फ्लॅट घेतला, भाड्याने द्यायला काढला, आणि जाहिरातीत तेच हिरवं बटण दाबलं. मुसलमान भाडेकरू आला की यांचंही 'कळवतो' सुरू. एकट्या बाईला यांच्याही दारात शंभर प्रश्न. साला, ज्या काठीने आपलं डोकं फुटलं ती काठी जपून ठेवायची, दुसऱ्याच्या डोक्यासाठी? ज्याला ही चळवळ आपली म्हणायची आहे त्याने आधी आपल्या जाहिरातीतलं बटण काढावं.

तर काय करायचं? रडायचं नाही. वही घ्या.

प्रत्येक फोनची तारीख, वेळ, काय बोलणं झालं ते लिहा. जाहिरातीचा फोटो काढून ठेवा. 'कळवतो' म्हणालेल्या घराला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या मित्राकडून फोन करवा. कुलकर्णी, शहा, कुणीही. पगार तोच, अटी त्याच. त्याला 'या, बघून जा' म्हटलं की तो कागद झाला पुरावा. दहा जणांचे दहा कागद एकत्र आले की तक्रार उभी राहते. पोलिस लिहून घेणार नाहीत, आपण पुन्हा जायचं, आणि एकटं जायचं नाही.

प्लॅनचे पैसे बुडाले तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकीलच पाहिजे असंही नाही. मेलेल्या जाहिराती विकणं ही सेवेतली खोट आहे, हे त्यांच्याकडून लिहून घेऊ.

आणि मागण्या तीन. घर मिळेपर्यंत भाडेकरूकडून एक पैसा घ्यायचा नाही. गेलेलं घर पाटीवर दिसलं तर दंड दुकानाला. आणि ते हिरवं बटण काढा! मालकाला विचारायचंच असेल तर त्याने तोंडाने विचारावं, आमच्या डोळ्यांत बघून, म्हणजे आम्हांलाही तोंडाने उत्तर देता येईल.

माझा प्लॅन संपला. कंपनीचा फोन आला होता. पोरगी गोड बोलत होती, पोटासाठी बोलते बिचारी, तिच्यावर राग नाही. म्हणाली, "सर, रिन्यू केलंत तर पन्नास नंबर मिळतील."

मी तिला म्हटलं, नंबर माझ्याकडे आहेत. पंचवीस आहेत. प्रत्येकाच्या पुढे तारीख लिहिलेली आहे. आता फोन मी करणार नाही. आता समन्स जाईल.

तुमच्याकडे किती आहेत?

जय भीम!