घराचा बाप, देशाचा बाप

समुपदेशन केंद्रात काम करायला लागल्यापासून एक बोलणं मी असंख्य वेळा ऐकलं आहे. ‘तसे ते वाईट नाहीत हो ताई. घरात काही कमी पडू देत नाहीत. फक्त उलट बोललेलं त्यांना खपत नाही.’ बेलारूसचे अलेक्सांद्र लुकाशेंको यांच्याविषयी वाचताना मला हेच बोलणं पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. त्यांना तिथे ‘बात्का’ म्हणत आले आहेत. बात्का म्हणजे बाप.

हा बाप स्वतः बापाविना वाढला. १९५४ साली जन्मलेल्या या मुलाला आईनं खेड्यात एकटीनं वाढवलं. पुढे तो सरकारी शेतीचा संचालक झाला, १९९० मध्ये संसदेत गेला आणि १९९३ मध्ये भ्रष्टाचार चौकशी समितीचा अध्यक्ष म्हणून नावारूपाला आला. सोव्हिएत संघ मोडला होता. महागाईनं लोकांची आयुष्यभराची बचत मातीमोल केली होती. अशा वेळी १९९४ मध्ये लोकांनी या माणसाला दुसऱ्या फेरीत सुमारे ८० टक्के मतं देऊन राष्ट्राध्यक्ष केलं. ती निवडणूक खरी होती, हे विसरून चालणार नाही.

त्यांनी दिलंही. शेजारच्या रशियात कारखाने मूठभरांच्या घशात गेले, तसं इथे होऊ दिलं नाही. पगार, पेन्शन हाती पडत राहिलं. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईला रजा मिळते. ज्या बाईची चूल या पेन्शनवर पेटते, तिला आपण शहाणपण शिकवायला जाऊ नये.

पण घरात काही कमी पडू न देणाऱ्यानं किल्ल्याही आपल्याच कमरेला लावल्या. १९९६ च्या सार्वमतानं संसद आणि न्यायालयं दुबळी केली. १९९९ मध्ये काही प्रमुख विरोधक बेपत्ता झाले. त्यांच्या बायका वर्षानुवर्षं उत्तर मागत राहिल्या. २००४ च्या सार्वमतानं दोनच कारकिर्दींची मर्यादाही गेली.

मग आला २०१८ चा ऑक्टोबर. कौटुंबिक हिंसाचार रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा तयार होता. लुकाशेंकोंनी तो पाश्चात्त्यांकडून आणलेला मूर्खपणा म्हणून झिडकारला, वर मुलांना कधीमधी पट्ट्याचा मार चांगलाच असतो असंही सांगितलं. ज्याला घरातला मार शिस्त वाटते, त्याला रस्त्यावरचा मार वेगळा का वाटावा?

दोन वर्षांनी ते दिसलंच. २०२० च्या निवडणुकीआधी, देशाची राज्यघटना बाईसाठी लिहिलेली नाही, हा भार तिला झेपणार नाही, असं ते म्हणाले. एका एकट्या बाईनं वाढवलेला मुलगा हे म्हणत होता! नवरा तुरुंगात गेल्यामुळे उभ्या राहिलेल्या स्वियातलाना तिखानोव्स्काया यांचा अर्ज त्यांनी बहुधा म्हणूनच मंजूर होऊ दिला. बाईला कोण मत देणार? पण तिच्या सभांना माणसं लोटली. अधिकृत निकालात लुकाशेंकोंना ८० टक्के आणि तिला १० टक्के मतं दाखवली, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. हजारोंना पकडलं, कोठड्यांमध्ये बेदम मारलं. तेव्हा पांढरे कपडे घातलेल्या बायका हातात फुलं घेऊन रस्त्याकडेला साखळी करून उभ्या राहिल्या. मारिया कालेस्निकावा हिला जबरदस्तीनं सीमेपार घालवायला नेलं, तर तिनं आपला पासपोर्टच फाडून टाकला. तिला ११ वर्षांची शिक्षा झाली.

इथे आपल्यालाही एक अवघड प्रश्न पडायला हवा. २०१९ मध्ये निवडलेल्या कनिष्ठ सभागृहात तिथे ४० टक्के बायका होत्या. ते निकाल जाहीर करणाऱ्या निवडणूक आयोगाच्या प्रमुखही बाईच, लिदिया येर्मोशिना. २०१० मध्ये निदर्शनांना गेलेल्या बायकांनी घरी बसून सूप रांधावं, असं त्याच म्हणाल्या होत्या. खुर्ची मिळाली, पण ती देणाराच काढून घेऊ शकत असेल, तर तीवर बसून बोलणार काय?

समाजकार्य शिकलेली म्हणून मला सर्वांत जास्त बोचतो तो २००६ चा १८ क्रमांकाचा हुकूम. हेळसांड होणाऱ्या मुलांना घरातून काढून सरकारी ताब्यात घ्यायची त्यात तरतूद आहे. कागदावर उद्देश चांगलाच. पण विरोध करणाऱ्या आयांना याच हुकमाचा धाक घातला गेला. तिखानोव्स्काया यांना तशी धमकी आली, तेव्हा त्यांनी मुलं आधीच परदेशी पाठवली. ‘मुलं माझ्याकडे ठेवून घेईन’, ही धमकी आमच्या केंद्रातल्या कुठल्या बाईनं ऐकलेली नाही?

जानेवारी २०२५ मध्ये लुकाशेंको सातव्यांदा निवडून आले, सुमारे ८७ टक्क्यांनी. डिसेंबरात कालेस्निकावा सुटली, पण सुटताच तिला देशाबाहेर धाडलं. घर सोडलंस तरच मोकळी, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे.

म्हणून मैत्रिणींनो, कुणी कणखर, बापासारखा नेता हवा म्हणालं, की मी एवढंच विचारते: त्या घरात नाही म्हणायची सोय आहे का? नसेल, तर ताटात काय वाढलंय याचा हिशेब नंतर करू.