एकाच्याच पाठीवर ओझं का?

लोइस लोरी या अमेरिकन लेखिकेची 'द गिव्हर' (१९९३) नुकतीच वाचून संपवली. नातीने दिलेली. शब्दकोश शेजारी घेऊन बसलो, पंधरा दिवस लागले. मुलांसाठीची कादंबरी आहे, पण मंडळी, म्हणून सोडू नका.

त्यातल्या समाजात दुःख नाही, भांडण नाही, रंगसुद्धा नाहीत. घरोघरी सकाळी रात्रीची स्वप्नं सांगायची, संध्याकाळी दिवसभरातल्या भावना. किती छान संवाद! पण मागच्या पिढ्यांच्या आठवणी मात्र एकाच म्हाताऱ्याच्या स्वाधीन. युद्ध, भूक, बर्फ, प्रेम, सगळं त्याच्याकडे. तो बारा वर्षांच्या जोनसच्या उघड्या पाठीवर हात ठेवतो आणि एकेक आठवण देतो. दिली की त्याच्याकडची जाते.

गोष्ट ऐकून आमचे पुतणे म्हणाले, "काका, वाईट काय त्यात? एकाने सोसलं, बाकीचे सुखी."

वाईट काय? जोनस आईवडिलांना विचारतो, तुमचं माझ्यावर प्रेम आहे का? तर ते हसतात आणि शब्द नीट वापरायला सांगतात! दुःख गाळायला गेले, त्याबरोबर प्रेमही गेलं. जोनसच्या आधी याच कामाला नेमलेल्या मुलीने मरण मागून घेतलं. तिच्याकडच्या आठवणी लोकांकडे परत आल्या, तेव्हा सगळे भेदरले. सोसायची सवयच नव्हती ना!

हे सुख नव्हे. ही दुसऱ्याच्या जिवावरची चैन आहे.

आणि ती फक्त कादंबरीत नाही. गेल्या दिवाळीत पंगतीत मी धाकट्या भावाचा विषय काढला, तर लगेच, "अण्णा, आता कशाला ते?" त्याला जाऊन ४१ वर्षं झाली. तो पेटी वाजवायचा, लगेच चिडायचा, आमटीत गूळ पडला तर ताटावरून उठायचा. घरात हे सांगणारा आता मी एकटा. तुम्हाला त्रास नको म्हणून मीही गप्प बसत आलो. चुकलंच माझं.

माझं वय ७६. पाठीवर हात ठेवून आठवण देण्याची विद्या माझ्याकडे नाही, सांगण्यापुरतं तोंड आहे. आणि सांगितल्याने माझ्याकडची आठवण कमी होत नाही, उलट ऐकणारा तीत आपली भर घालतो.

तेव्हा येत्या दिवाळीला प्रत्येकाने त्याची एक तरी आठवण घेऊन यायचं. ज्यांनी त्याला पाहिलं नाही, त्यांनी प्रश्न आणायचे. रडू आलं तर येऊ द्या. फराळ त्यानंतर.