दूध साकळविणारे फूल

पनीर आणि चीज दोन्ही दुधाचेच. तरी अहिंसक आहाराच्या दृष्टीने त्यांत मोठे अंतर आहे. पनीर करताना तापलेल्या दुधात लिंबाचा रस पडतो आणि आम्लाने दूध फाटते. चीजच्या बहुतेक प्रकारांना मात्र दूध अखंड, मऊ थरात साकळविणारे विकर, म्हणजेच एन्झाइम, लागते. परंपरेने ते दूधपित्या वासराच्या जठरातून काढले जाते आणि त्यासाठी वासराचा जीव जातो. या अर्काला रेनेट म्हणतात, त्यातील मुख्य विकराला कायमोसिन. इटलीतील पार्मिजानो रेज्जानो चीजसाठी आजही नियमानेच वासराचे रेनेट वापरावे लागते. परदेशी प्रवासात पास्त्यावर भुरभुरलेल्या चुऱ्यातून ते नकळत पोटात जाऊ शकते.

पोर्तुगाल व स्पेनच्या मेंढपाळांकडे मात्र जुना वनस्पतिजन्य मार्ग आहे. आर्टिचोकच्या कुळातील कार्डून या काटेरी झाडाची जांभळी फुले वाळवून पाण्यात भिजवायची आणि तो अर्क मेंढीच्या दुधात घालायचा. पोर्तुगालचे सेरा द एश्त्रेला चीज असेच होते. ते इतके मऊ असते की वरची साल कापून चमच्याने खाल्ले जाते. पहिल्या शतकातील रोमन कृषिलेखक कोलुमेला यानेही रानटी काटेझाडाच्या फुलाने दूध साकळविण्याची नोंद केली आहे.

त्या फुलात कार्डोसिन नावाची विकरे असतात. दुधातील केसीन प्रथिनाचे सूक्ष्म गोळे पाण्यात तरंगत राहतात, कारण त्यांच्या पृष्ठभागावर कॅपा-केसीनचे केसाळ आवरण असते. त्यामुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. कॅपा-केसीनच्या साखळीतील 105व्या व 106व्या अमिनो आम्लांमधील बंध कार्डोसिन तोडते. आवरण झडते, गोळे एकत्र येतात, दूध साकळते. कायमोसिनही नेमका हाच बंध तोडते. वासराचे जठर आणि रानातले फूल यांनी एकच कात्री चालवावी, हे नवलच! फरक एवढाच की कार्डोसिन तिथे थांबत नाही, इतर प्रथिनेही कुरतडत राहते. गाईच्या दुधाचे चीज त्यामुळे कडवट होण्याचा संभव असतो. मेंढीच्या दुधाला ते मानवते.

फूल हे विकर माणसाच्या चीजसाठी अर्थातच बनवीत नाही. कार्डोसिन फुलाच्या स्त्रीकेसरात साठते, म्हणून परागकण व स्त्रीकेसर यांच्या परस्परसंबंधात त्याचे काही कार्य असावे, असे संशोधक मानतात. त्याच्या जनुकाची रचनाही लक्षणीय आहे. या जनुकावरून प्रथम एक लांब प्रथिन तयार होते. त्याच्या मधोमध सुमारे 100 अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो, जो प्राण्यांच्या तशाच विकरांत आढळत नाही. पुढे तो कापून टाकला जातो आणि उरलेल्या दोन साखळ्या मिळून कामाचे विकर सिद्ध होते. हे जनुक यीस्टमध्ये घालून फुलांवाचून विकर मिळविण्याचे प्रयोगही झाले आहेत.

असे साधन आपल्या उपखंडातही आहे. अश्वगंधेच्याच प्रजातीतील पनीर डोडी या झुडपाची फळे सिंध, पंजाब व अफगाणिस्तानात दूध साकळविण्यास वापरली जात. तिच्या बियांतील विकराचा अभ्यास शेरिडन ली या इंग्रज शास्त्रज्ञाने 1880च्या दशकात केला होता.

आजच्या कारखान्यांत दोन प्रकार विशेष चालतात. एक बुरशीपासून मिळणारे रेनेट. दुसरे, वासराच्या कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवात घालून तयार केलेले. अमेरिकेत त्याला 1990मध्ये मान्यता मिळाली. या दुसऱ्यात वासराची हत्या होत नाही, पण जनुकाचे मूळ वासरातच आहे. ते चालावे की नाही, यावर घरोघरी वेगळे मत असू शकते, आणि तसे असणे योग्यच. वेष्टनावर मात्र पुष्कळदा केवळ ‘एन्झाइम’ एवढाच शब्द छापलेला असतो. तो फुलाचा, बुरशीचा की जठराचा, हे उत्पादकाला विचारूनच कळते.