पाऊस मागताना

कुर्डुवाडीहून दौंडकडे जाताना केम स्टेशन लागतं. देशभरातल्या बाजारात या गावाचं नाव कुंकवामुळे पोहोचलं, पण गावाच्या चारी बाजूंना आहे तो करमाळा तालुक्याचा माळ. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना, आणि मधल्या जमिनीची सगळी मदार आभाळावर. उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं हे खरं, पण धरण जवळ असलं म्हणजे शेत भिजतंच असं नाही, हे इथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. अशा गावात तवक्कुल, म्हणजे अल्लाहवरचा भरवसा, हा वाझचा विषय राहत नाही. जूनमध्ये पेरायचं की थांबायचं, इथपासून तो सुरू होतो.

2023 आठवून पाहा. त्या वर्षीचा ऑगस्ट 1901 पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. 31 ऑक्टोबरला सरकारनं 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात सोलापूर जिल्ह्यातले करमाळा, माढा, बार्शी, माळशिरस आणि सांगोला होते. आमच्या वाचकांपैकी कितीतरी जण असल्या वर्षी इस्तिस्काच्या नमाजसाठी ईदगाहवर गेलेले असतील. जुने साधे कपडे, सोबत म्हातारी माणसं आणि मुलं, इमामसाहेबांनी चादर उलटी करून घेणं, हे सगळं सुन्नत आहे. इमाम अबू हनीफांच्या मते तर इस्तिस्का म्हणजे मुळात दुआ आणि इस्तिगफार. त्यांच्याच दोन शिष्यांनी दोन रकात जमातीनं पढणं सुन्नत मानलं. त्यावर वाद घालत बसण्यात आम्हांला रस नाही. सूरह नूहमध्ये पावसाचा उल्लेख येतो तो माफी मागण्याला जोडून येतो, तिकडे लक्ष द्यावंसं वाटतं. ईदगाहवर जाण्याआधी कुणाचं देणं थकलंय, कुणाचा बांध कोरलाय, ते निस्तरावं असं उलमा सांगत आले आहेत. चादर उलटवणं सोपं, कोरलेला बांध परत करणं अवघड.

जाता जाता एक गोष्ट. आपल्याकडे ‘मृगानं फसवलं’, ‘हस्तानं तारलं’ असं सहज बोललं जातं, आणि मुसलमान शेतकरीही तसंच बोलतो. हुदैबियाच्या मुक्कामी रात्री पाऊस पडल्यावर फजरनंतर प्रेषितांनी (स.) लोकांना समजावलं होतं की पाऊस नक्षत्रानं दिला म्हणणारा आणि अल्लाहनं दिला म्हणणारा, हे दोघे एक नव्हेत. उलमांनी यात फरक केला आहे: हस्ताच्या दिवसांत पाऊस आला, हे वेळ सांगणं झालं; त्यात हरकत नाही. हस्तानं पाऊस दिला, असं मनात धरू नये. पेरणीचं गणित नक्षत्रावर बांधणाऱ्या घरात मुलांना हा फरक आत्ताच सांगून ठेवावा.

आता मूळ मुद्दा. दुष्काळात भरवशाची खरी परीक्षा ईदगाहवर होत नाही, बोअरच्या मोटरीजवळ होते.

समजा वस्तीत तीन बोअर आटले आणि आपला अजून दोन घागरी तरी ओढतोय. उद्या तो चालेल का, कुणी सांगू शकत नाही. घरात जनावरं आहेत, लेकरं आहेत. दारात शेजारीण रिकामी कळशी घेऊन उभी आहे, आणि टँकर येईल तेव्हा येईल. जीव म्हणतो, आधी आपली टाकी भरून ठेवू. पण प्रेषितांची (स.) शिकवण इथे अगदी स्पष्ट आहे: पाणी, गवत आणि विस्तव यांत माणसं वाटेकरी आहेत, आणि गरजेपेक्षा जास्त पाणी असताना वाटसरूला ते नाकारणाऱ्यावर कयामतच्या दिवशी अल्लाहची नजर पडणार नाही. पिण्याच्या पाण्याला विहिरीच्या मालकानं माणसाला किंवा जनावराला अडवू नये, असं फुकहांनी त्यावरून ठरवलं. शेत भिजवायला पाणी देणं वेगळं. तिथे मालकाचा हक्क मोठा आहे. आणि शेजारी कोणत्या धर्माचा हे यात कुठेच विचारलेलं नाही.

‘उद्याचं काय?’ हा प्रश्न खोटा नाही. उद्याची तजवीज करू नका असंही कुणी म्हणत नाही. उंट आधी बांध आणि मग भरवसा ठेव, ही शिकवण लहान मुलांनाही ठाऊक असते. शेततळं घ्या, विमा आणि कर्ज यांबाबत आपल्या आलिमांना विचारा, ठिबक बसवा. पण तजवीज कुठे संपते आणि शेजारणीची कळशी परत पाठवणं कुठे सुरू होतं, ती रेघ ज्यानं त्यानं आपल्या घरात ओळखायची आहे. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात, हिजरी 18 च्या सुमारास, मदिनेत असा दुष्काळ पडला की जमीन राखेसारखी दिसू लागली. त्यांनी दुआही केली, दुसऱ्या प्रांतांतून धान्याचे उंटही मागवले, आणि लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप सोडलं. आम्हांला त्यातलं तूपच जास्त आठवतं. उंट मागवणं हे खलिफाचं काम, तूप सोडणं कुणाच्याही घरी जमण्यासारखं आहे.

मग 2025 चा सप्टेंबर आला. ज्या पट्ट्यानं दोन वर्षांपूर्वी पाऊस मागितला होता, तिथेच सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं, मातीसकट पिकं गेली. काही तरुण विचारतात, मग ती दुआ कसली? यावर एक प्रसंग आठवतो. जुम्याच्या खुतब्याच्या वेळी एका खेडुतानं येऊन प्रेषितांना (स.) पावसासाठी दुआ करायला सांगितलं. पाऊस लागला तो आठवडाभर थांबेना. पुढच्या जुम्याला माणूस पुन्हा आला: घरं पडतायत, जनावरं बुडतायत. प्रेषित (स.) त्याच्यावर रागावले नाहीत, आठ दिवसांपूर्वीच्या मागणीची आठवणही करून दिली नाही. हात उचलून दुआ केली की पाऊस आमच्यावर नको, आजूबाजूला, टेकड्यांवर आणि झाडाझुडपांवर पडो. एकाच मशिदीत, एकाच आठवड्यात दोन्ही दुआ झाल्या. त्यांत विसंगती आहे असं तिथल्या कुणाला वाटलं नाही.

उरला प्रश्न उश्रचा, कारण पुरानंतर तो हमखास विचारला जातो. पावसावर पिकलेल्या धान्यात दहावा हिस्सा, पाणी ओढून पिकवलेल्यात विसावा. खर्च पाहून शरीयतनं हा भार अर्धा केला आहे. साडेसहा क्विंटलच्या आसपास, म्हणजे पाच वसक, पिकल्याशिवाय तो लागू होत नाही असं बहुतेक इमाम म्हणतात. इमाम अबू हनीफा थोड्यावरही मानतात. आपल्या जमिनीला तो कसा लागू होतो ते स्थानिक मुफ्तींकडून समजून घ्यावं. पीक उभ्यानं वाहून गेलं असेल तर त्याचा उश्र उरत नाही, उगाच मन खाऊ देऊ नये. पण माळावरची ज्वारी ज्यांच्या घरात आली, त्यांनी आपल्या गावाच्या गरजूंइतकाच सीनाकाठच्या गरजू मुसलमानांचाही विचार करावा. जास्त गरज असेल तिथे हिस्सा पोहोचवायला परवानगी आहे. बाकीच्या पूरग्रस्तांसाठी नफ्ल सदका आहेच, आणि एखादं पोतं बियाण्याचं दिलं तर पेरणी साधते.