रात्रीचा राखणदार कोण?

लोअर परळची रात्र पूर्वीही जागी असे; पण ती गिरणीच्या रात्रपाळीसाठी. १९८२ च्या संपानंतर भोंगे मुके होत गेले आणि पुढे त्याच आवारांत मद्यगृहे उजळली. २९ डिसेंबर २०१७ रोजी, मध्यरात्रीनंतर, कमला मिलमधील गच्चीवरच्या उपाहारगृहांच्या आगीत चौदा जीव गेले. २७ जानेवारी २०२० पासून मुंबईत ठरावीक अनिवासी भागांतील उपाहारगृहांना अहोरात्र व्यवसायाची मुभा मिळाली. तीस आमचा विरोध नाही. रात्रीचे रंजन पाप नव्हे. आष्टीसारख्या गावांतून पोटासाठी शहरात गेलेल्या मुलांना रोजगारही हवाच. परंतु सुटकेचे दार मोकळे आहे की नाही, हे आगीपूर्वी पाहावयाचे असते. गिरणीच्या रात्रपाळीस कारखाना-कायदा लागू असे. या रात्रीचा राखणदार कोण, याचे उत्तर शासनाने व महापालिकेने द्यावे.