विश्लेषण : ‘विमान दिसतंय’ म्हटलं, की जबाबदारी कोणाची?
२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ उतरतं प्रवासी विमान आणि लष्कराचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जणांचा मृत्यू झाला. कंट्रोलरने हेलिकॉप्टरला त्या विमानाबद्दल सांगितलं होतं. ‘विमान दिसतंय’ असं कळवून वैमानिकांनीच ‘व्हिज्युअल सेपरेशन’ मागितलं आणि ते मिळालं. म्हणजे विमानापासून अंतर राखायचं काम कंट्रोलरकडून वैमानिकाच्या नजरेवर गेलं. शहराच्या दिव्यांच्या गर्दीत त्याला दिसतंय ते नेमकं तेच विमान आहे का, हे टॉवरमधून कसं कळणार?

विमानातली टीकॅस यंत्रणा टक्कर टाळायला ‘वर जा’, ‘खाली जा’ सांगते. पण जमिनीच्या इतक्या जवळ असे आदेश देत नाही.

नजरेवर एवढी भिस्त ठेवली तो मार्गच मुळात अरुंद. हेलिकॉप्टर ठरलेल्या २०० फुटांवर असतं, तरी रनवे ३३ वर उतरणाऱ्या विमानाच्या खाली फार तर ७५ फूट राहिलं असतं, असं तपास करणाऱ्या एनटीएसबीने सांगितलं. अपघातानंतर तो मार्ग बंद झाला. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या सव्वातीन वर्षांत तिथे विमानं आणि हेलिकॉप्टरं एकमेकांच्या जवळ आल्याच्या १५,२१४ घटना नोंदल्या गेल्या होत्या.