बोल पाण्यास कां लावावा?

गेल्या मे महिन्यांत पुण्यास आमच्या मेहुण्यांच्या घरीं एक लहानसा खटला चालला. आरोपी एक संगणक. फिर्यादी घरांतील यच्चयावत् वडील मंडळी. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत शिकणाऱ्या माझ्या भाच्यानें हा संगणक सुटे भाग आणून स्वतः जोडला होता, आणि त्यांतील प्रोसेसर थंड राखण्यासाठीं त्यावरून पाणी खेळविलें होतें. पांच महिने यंत्र सुरळीत चाललें. सहाव्या महिन्यांत, जड काम दिलें कीं दहा मिनिटांत तें मंद होई व पुढें आपोआप बंद पडे. मग मतांचा पाऊस सुरू झाला. मेहुणे म्हणाले, “पाणी आणि वीज यांचें सात जन्मांचें वैर, हें होणारच होतें.” त्यांचे एक विद्वान् स्नेही म्हणाले, “हा निव्वळ छांदिष्टपणा. बाजारांत हमीसह तयार यंत्र मिळत असतां हा उपद्व्याप हवाच कशाला?” दुकानदारानें प्रोसेसर बदलावयास सांगितलें. आणि मी? मीं यंत्राकडे पाऊल घड न पाहतां पंप दुबळा असल्याचा निर्वाळा देऊन टाकला. माणसें चार, मतें चार. मोजमाप मात्र एकाचेंही नव्हतें. ‘विकून टाका’ असा निकाल लागण्याच्या बेतांत होता.

हा लेख त्या निकालाविरुद्धचें अपील आहे. एका संगणकापुरतेंच तें असतें तर वाचकांचा वेळ मीं घेतला नसता. परंतु न मोजतां मत द्यावयाचें, आणि मत दिलें कीं विषय संपला असें मानावयाचें, ही खोड आम्हां सुशिक्षितांच्या हाडींमासीं खिळली आहे. आणि तिची शिक्षा आम्ही आपल्या मुलांना भोगावयास लावतों, हें मला या निमित्तानें सांगावयाचें आहे.

प्रथम ‘पाण्यानें थंड करणें’ या शब्दांनीं होणारा घोटाळा दूर करूं. हे शब्द कानीं पडतांच आमच्या डोळ्यांपुढें माठ उभा राहतो. माठांतील पाणी झिरपतें, त्याची वाफ होते, आणि ती जातांना उष्णता घेऊन जाते. म्हणून माठांतलें पाणी भोंवतालच्या हवेहून गार होतें. या यंत्रांत तसलें कांहीं नाहीं. ज्यांना जुन्या वाड्यांतला न्हाणीघरांतील बंब आठवत असेल, त्यांनीं माठ विसरून तो बंब डोळ्यांपुढें आणावा. बंबांत निखाऱ्याची उष्णता तांब्यांतून पाण्यांत शिरते. येथें निखाऱ्याच्या जागीं प्रोसेसर आहे. त्याच्या पाठीवर तांब्याचा ठोकळा घट्ट बसविलेला असतो. त्याच्या पोटांत अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद अशा चिरा असतात. पंप त्यांतून पाणी ढकलतो. तापलेलें पाणी नळीवाटें मोटारीच्या रेडिएटरसारख्या जाळीदार भागांत जातें. तेथें पंखे त्याची उष्णता हवेंत सोडतात. आणि पाणी टाकीमार्गें पुनः ठोकळ्याकडे वळतें. तात्पर्य, पाणी उष्णतेचा नाश करीत नाहीं; तें केवळ हमाल आहे. म्हणूनच खोलींतील हवा ३४ अंश असेल तर हें पाणी ३३ अंशांवर कधींही येणार नाहीं. मात्र हमाल मोठा सशक्त आहे. एक लिटर पाणी एका अंशानें तापविण्यास सुमारें ४.२ किलोजूल उष्णता लागते. मिनिटाला अवघें एक लिटर पाणी फिरलें, तरी २०० वॅट उष्णता टाकणाऱ्या प्रोसेसरवरून जातांना तें जेमतेम ३ अंशांनीं तापतें.

आतां सात जन्मांच्या वैराकडे वळूं. ज्या मोटारींतून मेहुण्यांचे स्नेही हें मत सांगावयास आले, तिचें इंजिन पाण्यानेंच थंड होतें. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींच्या बॅटऱ्यांतूनही द्रव खेळविलेला असतो. आयबीएमचा १९८० सालचा ३०८१ हा महागणक पाण्यानें थंड होत असे. १९८५ च्या क्रे-२ या महासंगणकाचीं मंडलें तर एका वीजरोधक द्रवांत चक्क बुडवून ठेवलेलीं होतीं. इतकें दूर तरी कशाला जावें? पुण्यांतील आयसर संस्थेच्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकांत द्रव थेट तापणाऱ्या भागांपर्यंत नेलेला आहे. पाणी आणि वीज यांचें वैर ज्यांनीं मिटविलें, तीं माणसें आमच्या घरापासून कांहीं मैलांवर कामास जातात, आणि आम्ही मात्र दिवाणखान्यांत बसून तें वैर सनातन असल्याचें सांगतों!

भीति सर्वस्वीं खोटी आहे, असें मी म्हणत नाहीं. नळी निसटते, रबरी कडी चिमटते, थेंब मदरबोर्डावर पडतो आणि हजारों रुपयांचा भाग जळतो. ‘आमचा द्रव वीजवाहक नाहीं’ या विक्रेत्यांच्या ग्वाहीवर विसंबून राहणेंही वेडेपणाचें. कारण शुद्ध केलेलें पाणीसुद्धां धातूंच्या सहवासांत क्षार उचलतें आणि वीजवाहक होत जातें. पण भीतीला उपाय असतो, आणि तो भाच्यानें केला होता. पाणी भरण्यापूर्वीं त्यानें हातपंपानें नळ्यांत सुमारें अर्धा बार दाबाची हवा भरली आणि दाबमापकाचा कांटा अर्धा तास हलत नाहीं हें पाहिलें. नंतर पाणी भरून, मदरबोर्डाची वीज तोडून, एकटा पंप रात्रभर चालविला. प्रत्येक सांध्याखालीं कोरडा कागद ठेवला. सकाळीं एकही कागद ओला नव्हता. ज्यांनीं आपल्या घरच्या गॅसच्या नळीचा सांधा वर्षांतून एकदां तरी साबणाच्या फेंसानें तपासला असेल, त्यांनींच या मुलाला निष्काळजी म्हणावें. खरें वैर पाहावयाचें असेल तर तें पाणी व वीज यांत नसून, एकाच पाण्यांत ठेवलेल्या तांबें व अॅल्युमिनियम या धातूंत आहे: त्यांची आपोआप विद्युत्घटमाला बनते आणि अॅल्युमिनियम झिजूं लागतें. हें वैर आमच्यापैकीं एकालाही ठाऊक नव्हतें. त्या पोराला होतें, आणि म्हणून त्यानें रेडिएटरही तांब्याच्या नळ्यांचाच घेतला होता.

मग दोष होता कोठें? तो शोधावयास अक्कल लागली ती तीन आंकड्यांची. खोलींतील हवेचें तपमान, पाण्याचें तपमान, प्रोसेसरचें तपमान: एवढे तीन आंकडे एकाखालीं एक लिहिले कीं यंत्र बोलूं लागतें. पाणी हवेपेक्षां फार तापत असेल, तर दोष रेडिएटरचा, पंख्यांचा किंवा तेथें सांचलेल्या धुळीचा. प्रोसेसर पाण्यापेक्षां फार तापत असेल, तर दोष ठोकळ्याचा, त्याखालच्या लेपाचा, तो बसविण्याचा, अथवा थांबलेल्या प्रवाहाचा. आम्ही मोजलें. हवा ३४, पाणी ४२, प्रोसेसर ९८! पाणी व हवा यांत अंतर अवघें ८ अंशांचें. म्हणजे रेडिएटर निर्दोष. प्रोसेसर व पाणी यांत अंतर ५६ अंशांचें. चोर या दोहोंमध्येंच दडलेला. नंतर परतीची नळी सोडून अर्ध्या मिनिटाचें पाणी मापाच्या भांड्यांत धरलें. मिनिटाला एक लिटरहून थोडा अधिक प्रवाह भरला. पूर्वींपेक्षां तो मंद होता खरा. परंतु तेवढ्यानें ३ अंशांचा फरक पडावा, ५६ अंशांचा नव्हे. माझें पंपाविषयींचें मत तेथेंच गतप्राण झालें. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात, त्यांतला प्रकार! मी सोमेश्वरीं नवा पंप विकत घ्यावयास निघालों होतों, आणि दुकानदार त्याच वाटेनें नवा प्रोसेसर विकावयास.

ठोकळा उघडला. त्या बारीक चिरांत पांढरट, चिकट साका गच्च बसला होता. नळ्या मऊ, पारदर्शक प्लास्टिकच्या होत्या. अशा नळ्यांना मऊपणा देणारें द्रव्य कालांतरानें पाण्यांत झिरपतें. त्यांत भाच्यानें भरलेला द्रव दुधासारखा फिकट निळा, म्हणजे रंगाचे सूक्ष्म कण तरंगत ठेवलेला. दोन्ही मिळून चिरा बुजल्या. तो निळा द्रव कां घेतला, असें विचारतां पोरानें मान खालीं घातली. कांचेच्या पेटींतून दिव्यांच्या प्रकाशांत तो सुंदर दिसतो, एवढेंच कारण!

येथें मला आरोपीच्या पक्षालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. संगणक जोडणाऱ्या तरुणांत आज एक पंथ असा आहे कीं, त्याला यंत्र चालविण्यापेक्षां मिरविण्याची हौस अधिक. नळ्यांचीं वळणें, रंगीत दिवे आणि दुधाळ द्रव यांत सारी बुद्धि खर्च होते. तपमानाचा आंकडा छायाचित्रांत दिसत नाहीं, म्हणून तो कोणी लिहून ठेवीत नाहीं. वडिलांनीं न मोजतां निंदा केली आणि मुलानें न मोजतां कौतुक केलें; दोघे एकाच आळींतले रहिवासी. पाण्यानें कोणाचेंच वाईट केलें नव्हतें.

कोमट साबणाचें पाणी आणि दांत घासण्याचा मऊ ब्रश यांनीं ठोकळा स्वच्छ केला, शुद्ध पाण्यानें धुतला, जुन्या नळ्या टाकून काळ्या रबरी नळ्या घातल्या, आणि गंज व शेवाळ रोखणारें द्रव्य मिसळलेलें साधें, रंगहीन पाणी भरलें. प्रोसेसर ९८ वरून ७६ अंशांवर उतरला. गंमत अशी कीं, पाणी ४२ वरून ४४ वर चढलें, आणि तें पाहून भाचा घाबरला. त्याला म्हटलें, “अरे, हीच तर शुभवार्ता! प्रोसेसर आतां मंद न होतां पुरें काम करतो आहे, आणि त्याची सारी उष्णता पाण्याला पोंचते आहे.” उष्मागतिशास्त्रांत पहिला वर्ग मिळविलेला हा मुलगा माझ्याकडे पाहतच राहिला, आणि मग म्हणाला, “मामा, परीक्षेंत हें मीं लिहिलें होतें. मला कळलें मात्र आज.” त्या एका वाक्यासाठीं मी हा लेख लिहिण्यास बसलों.

विद्वान् स्नेह्यांच्या आक्षेपाला उत्तर राहिलें. तयार यंत्र हमीसह मिळतें, हें खरें. पाण्यानें थंड करणारे तयार, बंद संचही मिळतात. परंतु त्यांतील बहुतेक पुनः भरण्याची सोय न ठेवतां बंद केलेले असतात. वर्षानुवर्षें नळ्यांच्या भिंतींतून द्रव किंचित् किंचित् उडून जातो, केव्हां तरी पंप थकतो, आणि मग एका लहानशा पंपापायीं चांगला रेडिएटर व चांगले पंखेही भंगारांत जातात. हमीचा अर्थ ‘मोडलें तर दुसरें देऊं’ एवढाच. ‘कां मोडलें हें तुम्हांला सांगूं’ असा नव्हे. आमच्या आज्या कल्हई उडालेलें भांडें टाकून देत नसत, आणि कल्हईवाल्यापुढें बसून त्याचें काम पाहतही असत. दुरुस्तीचा हक्क हा ग्राहकाचा हक्क आहे, हें भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागालाही पटलें, आणि डिसेंबर २०२२ मध्यें त्यानें त्यासाठीं स्वतंत्र संकेतस्थळ उघडलें. जो हक्क सरकार देऊं पाहतें, तो घरांतील वडीलच मुलाच्या हातून काढून घेऊं लागले, तर कोणाला सांगावें?

प्रत्येकानें पाण्याचा संगणक जोडावा, असा याचा अर्थ नव्हे. पत्रें लिहिणें, हिशेब ठेवणें, चित्रपट पाहणें एवढेंच ज्याचें काम, त्याला धातूचे पत्रे व एक पंखा असलेला साधा हवाशीतक पुरेसा आहे. जड काम करणाऱ्या पुष्कळांनाही चांगल्या प्रतीचा हवाशीतक पुरतो, तो कितीतरी स्वस्त पडतो, आणि त्याला ना गळण्याची भीति, ना द्रव बदलण्याची यातायात. खर्च न झेपणाऱ्यानें या वाटेला जाऊं नये. पण ‘मला नको’ म्हणणें वेगळें आणि ‘हें चालणें शक्यच नाहीं’ म्हणणें वेगळें. पहिली आवड आहे. दुसरें विधान आहे, आणि विधानाला पुरावा लागतो.

आमच्या मुलांना आम्ही वीस वर्षें उत्तरें पाठ करावयास लावतों. ज्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नाहीं, असा प्रश्न घरांत दैवयोगानें उभा राहिला, कीं तो सुटण्याआधींच विकून टाकावयास निघतों. बंद पडलेलें यंत्र हें उपद्रव नव्हे. फी न घेणारा गुरु आहे. तो चुकीच्या अनुमानास एक गुणही देत नाहीं, आणि शिफारसही चालूं देत नाहीं.

संगणक अजून भाच्याच्या मेजावर आहे. शेजारीं एक वही असते. तींत दर रविवारीं तीन आंकडे लिहिले जातात. गेल्या महिन्यांत मेहुण्यांनीं ती वही आणि खर्चाचीं बिलें समोर घेऊन तासभर हिशेब केला, आणि एवढ्या कामाला हवाशीतकही पुरला असता, असें मला सुनावलें. त्यांचें हें मत मला मान्य नाहीं. परंतु तें त्यांनीं मोजून दिलें आहे. म्हणून त्यावर मी आनंदानें वाद घालतों आहें.